पुलमनचा झेंडा आणि टीव्हीचा पैसा: अमेरिकन कॉलेज फुटबॉलची मोडलेली भावकी

पलूसचा_पाहुणा

आयडीचा खुलासा आधी करतो, दर वेळी कोणीतरी विचारतंच. माझं गाव सांगली जिल्ह्यातलं पलूस. शिकायला गेलो वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व टोकाला, पुलमन नावाच्या गावात, आणि त्या अख्ख्या मुलखाचं नाव काय निघावं, तर पलूस! स्पेलिंग फ्रेंच वळणाचं, उच्चार हुबेहूब आपला. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मग एवढं तिकीट काढून गेलासच कशाला?"

आमच्या पलूसला ऊस आणि द्राक्षं, त्यांच्या पलूसला नजर पोचेल तिथवर गव्हाच्या टेकड्या. पुलमनची वस्ती ३३ हजारांच्या आतबाहेर, आणि वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल स्टेडियममधल्या खुर्च्याही जवळपास तेवढ्याच. मॅचच्या शनिवारी गाव फुगायचं. आमची घरमालकीण अंगणात गाड्या लावायला द्यायची, गाडीमागे वीस डॉलर. पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलेली पाटी, आणि हात हलवून गाड्या आत घ्यायला मी आणि माझा तेलुगू रूममेट. मोबदला म्हणजे संध्याकाळचं जेवण. पहिल्या वर्षी फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. दुसऱ्या वर्षी घसा बसेपर्यंत ओरडायला लागलो.

हे आठवायचं कारण असं की परवा इथल्या आयपीएलच्या धाग्यावर कोणीतरी लिहिलं, अमेरिकेत कॉलेजचा खेळ अजून हौशी आहे, पैशाने नासलेला नाही. हसावं की रडावं कळेना. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

कॉन्फरन्स म्हणजे काय ते आधी. सरळ सांगायचं तर कॉलेजांची भावकी. आठ, दहा, बारा शेजारची कॉलेजं एकत्र येतात, दर वर्षी एकमेकांशी खेळतात, आणि टीव्हीचे हक्क एकत्र विकून पैसे वाटून घेतात. पूर्वी बसने जाता येईल एवढ्या अंतरात भावकी असायची. आमची होती पॅक-१२, पॅसिफिक किनाऱ्याची. मूळ १९१५ चं घराणं.

३० जून २०२२ ला लॉस एंजेलिसची दोन बडी कॉलेजं, यूएससी आणि यूसीएलए, यांनी जाहीर केलं की आम्ही बिग टेनमध्ये चाललो. बिग टेन म्हणजे ओहायो, मिशिगन, इलिनॉय वगैरे मंडळी. दीड महिन्यात बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांचा करार केला, ७०० कोटी डॉलरच्या वरचा. आमच्या उरलेल्या दहा जणांची बोलणी मात्र वर्षभर रखडली. ईएसपीएन हे खेळांचं चॅनल कॉलेजमागे वर्षाला तीन कोटींच्या आसपास द्यायला तयार होतं, यांनी पाच मागितले आणि तिथेच बिनसलं, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. तेवढ्यात शेजारच्या बिग ट्वेल्व्हने साधारण त्याच भावात आपला करार उरकून घेतला. आमच्या हाती शेवटी राहिलं अ‍ॅपल, तेही सबस्क्रायबर वाढले तर पैसे वाढतील या बोलीवर.

४ ऑगस्ट २०२३, शुक्रवार. सकाळी सगळ्या कॉलेजांच्या प्रमुखांची सह्या करायची मीटिंग होती. मी आता सिएटलजवळ राहतो, ऑफिसात स्टँडअप चालू होता आणि टेबलाखाली पुलमनच्या जुन्या पोरांचा व्हॉट्सॅप ग्रुप थरथरत होता. सह्या झाल्याच नाहीत. ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनला गेले, तेसुद्धा अर्ध्या वाट्यावर. त्याच दिवशी अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व्हला. कोलोराडो आधीच्या आठवड्यात गेलं होतं. महिन्याभरात स्टॅनफर्ड आणि बर्कली गेले अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये. हो, अटलांटिक. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठची कॉलेजं.

घरात मागे राहिली दोघं, पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट आणि कॉर्व्हॅलिसचं ओरेगन स्टेट. बारा खोल्यांच्या वाड्यात दोन म्हाताऱ्या.

आता कोणी म्हणेल, खेळत नसतील चांगलं. तर २०१८ साली आमच्या टीमने ११ मॅचेस जिंकल्या. त्या वर्षी यूएससीने ५ जिंकल्या आणि यूसीएलएने ३. तरी आमंत्रण कोणाला आलं ते वर लिहिलंच आहे. पुलमनच्या आसपास गहू पुष्कळ आहे, टीव्हीसमोर बसणारी माणसं कमी. आमचा गुन्हा काय तो एवढाच.

---

सदाशिवपेठी_शंका

धागा आवडला. पण एक मूलभूत शंका. या शिक्षणसंस्था आहेत ना? आमच्या वेळी कॉलेजात पुरुषोत्तमची तालीम करायला खोली मिळवताना प्राचार्यांच्या नाकदुऱ्या काढायला लागायच्या. इथे ७०० कोटी डॉलर. आणि जो पोरगा मैदानात हाडं मोडून घेतो त्याला यातलं काय मिळतं?

---

एडिसनकर

शंकाकाका, खेळाडूंचं कोणीतरी सांगेल, मी आमच्या दाराशी काय झालं ते सांगतो. न्यू जर्सीत माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर रटगर्स. अमेरिकेतली पहिली कॉलेज फुटबॉल मॅच इथेच झाली, १८६९ साली, प्रिन्स्टनविरुद्ध. त्यानंतर सांगण्यासारखं फार काही झालं नाही, रटगर्सवाल्यांनी माफ करावं.

तरी २०१४ मध्ये बिग टेनने यांना घेतलं, सोबत मेरीलँडला घेतलं. का? तर बिग टेनचं स्वतःचं चॅनल आहे, २००७ पासून. एखाद्या राज्यातलं कॉलेज भावकीत असलं की तिथल्या केबल कंपनीकडून त्या चॅनलचे घरटी महिन्याला डॉलरच्या आसपास मिळायचे. नसलं तर काही सेंट. आता न्यू यॉर्क आणि न्यू जर्सी मिळून घरं किती ते मोजा. तुम्ही चॅनल लावा की लावू नका, पैसे बिलातून जाणारच. मी त्या चॅनलचं एक मिनिट बघितलेलं नाही, घरात त्या वेळी मराठी मालिका चालू असते. तरी दहा वर्षं मी बिग टेनचा आश्रयदाता आहे. सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये गणपतीची वर्गणी घालतात तसं.

मेरीलँडची कथा अजून मजेशीर. ते आधी अटलांटिक कोस्टमध्ये होते, जन्मापासूनचे सभासद. २०१२ मध्ये पैसे नाहीत म्हणून सात खेळ बंद केले आणि त्याच वर्षी भावकी सोडायचं ठरवलं. जुन्या भावकीने सोडचिठ्ठीचे ५ कोटी २३ लाख डॉलर मागितले. कोर्टकज्जे होऊन ३ कोटी १४ लाखांवर मिटलं. कंगाल माणसाने एवढा दंड भरून घर बदलायचं, यावरून नव्या घरी ताटात काय वाढलं असेल याचा अंदाज करा.

पण ही केबलची गंमत आता संपली. २०११ च्या सुमारास ईएसपीएन दहा कोटी घरांत होतं, आता सात कोटींच्याही खाली आलंय. लोकांनी केबल कापली. त्यामुळे आधी दारं मोजायचे, आता डोळे मोजतात. शनिवारी संध्याकाळी चाळीस लाख लोक कोणाची मॅच बघतील? पुलमन त्या हिशोबात बसत नाही, आणि खरं सांगायचं तर आजच्या हिशोबात रटगर्सही बसलं नसतं. आमचं नशीब की आम्ही केबलच्या काळात आत शिरलो.

---

काळाकोट

एडिसनकर, वर्गणीची उपमा चपखल. पण मूळ १९८४ मध्ये आहे.

त्याआधी एनसीएए ही मध्यवर्ती संस्था ठरवायची की कोणती मॅच टीव्हीवर दिसणार. दोन वर्षांत एका कॉलेजला जास्तीत जास्त सहा वेळा. पैसेही जवळजवळ सरसकट. १९८१ च्या एका शनिवारी ओक्लाहोमा विरुद्ध यूएससी ही देशातली सगळ्यात गाजलेली मॅच दोनशेच्या वर स्टेशनांवर दाखवली. त्याच दिवशी अ‍ॅपलेशियन स्टेट विरुद्ध सिटाडेल ही मॅच चार स्टेशनांवर. चारही कॉलेजांना पैसे सारखेच मिळाले. हा दाखला खुद्द सुप्रीम कोर्टाच्या निकालात आहे.

ओक्लाहोमा आणि जॉर्जिया कोर्टात गेले. ७ विरुद्ध २ ने निकाल लागला की ही मक्तेदारी बेकायदा आहे. विरोधात गेलेल्या दोघांपैकी एक बायरन व्हाइट, जे स्वतः कोलोराडोचे गाजलेले फुटबॉलपटू होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की बंधन काढलंत तर कॉलेजचा खेळ निव्वळ धंदा होईल. न्यायाधीशांमध्ये मैदानावर धक्के खाल्लेला माणूस तोच, आणि तोच अल्पमतात.

आपल्याकडचं साम्य बघा. १९९३ च्या हीरो कपवरून दूरदर्शन आणि बंगालच्या क्रिकेट असोसिएशनची जुंपली, आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नव्हे. मुख्य निकालपत्र आपल्या न्या. पी. बी. सावंतांचं. तिथून क्रिकेट बोर्डाच्या तिजोरीची चावी फिरली. २०२२ मध्ये आयपीएलच्या पाच वर्षांच्या हक्कांचे ४८,३९० कोटी रुपये आले. फरक एवढाच की आपल्याकडे पैसे एका बोर्डाकडे जमा झाले. अमेरिकेत १९८४ नंतर एनसीएए बाजूला पडली आणि ज्याची त्याची भावकी स्वतः दुकान मांडून बसली. मग मोठा भाऊ लहान भावाला विचारायला लागला, तू घरात आणतोस किती?

---

पलूसचा_पाहुणा

काळाकोट, क्या बात है. हे आमच्याकडच्या माणसाला एका शब्दात सांगता येईल: झोनबंदी उठली. पूर्वी ज्या कारखान्याच्या कार्यक्षेत्रात शेत, त्यालाच ऊस घालायचा. झोनबंदी गेल्यावर ज्याचा दर जास्त त्याच्या गाड्या बांधावर. फक्त इथे उसाने कारखाना निवडला, आणि मधल्या दोन शेतांपर्यंत रस्ताच नाही म्हणून ती तशीच उभी राहिली.

---

ब्राझोसकाठचा_बाळू

कॉलेज स्टेशन, टेक्सासहून रामराम. आमच्याकडचं वैर म्हणजे टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम. थँक्सगिव्हिंगच्या आसपास मॅच. एकाच घरात दोन भाऊ दोन कॉलेजांचे असले की टर्की कापताना सुरी कोणाच्या हातात द्यायची यावरून गंमत चालायची.

२०११ मध्ये ईएसपीएनने टेक्सासला स्वतंत्र चॅनल काढून दिलं, लाँगहॉर्न नेटवर्क. वीस वर्षांचे ३० कोटी डॉलर, एकट्या टेक्सासला. बिग ट्वेल्व्ह या एकाच भावकीत एकाच्या ताटात एवढं तूप आणि बाकीच्यांनी बघत बसायचं? नेब्रास्का आणि कोलोराडो आधीच बाहेर पडले होते. ए अँड एम आणि मिझुरी २०१२ मध्ये साउथईस्टर्न कॉन्फरन्सला गेले. २४ नोव्हेंबर २०११ ची शेवटची मॅच मी आमच्या ए अँड एमच्या स्टेडियममध्ये, कायल फील्डवर बघितली. शेवटच्या सेकंदाला टेक्सासने किक मारली आणि २७-२५ ने जिंकले. माझ्या पुढच्या रांगेत एक म्हातारबाबा होते, गुडघ्यावर घोंगडं, कानाला रेडिओ. मॅच संपल्यावर ते उठलेच नाहीत. मुलगा म्हणाला, डॅड, चला. ते म्हणाले, थांब जरा, आता घाई कसली.

तेरा वर्षं मॅच नाही. राज्याच्या विधानसभेत बिलं आली, काही झालं नाही. आणि मग कोणी जुळवून आणलं? पैशानेच. टेक्सास आणि ओक्लाहोमा २०२४ मध्ये आमच्याच भावकीत आले. बिग ट्वेल्व्ह एक वर्ष आधी सोडण्याचे दोघांनी मिळून १० कोटी डॉलर मोजले. ३० नोव्हेंबर २०२४ ला पुन्हा मॅच झाली, हरलो आम्हीच, १७-७. पण पैशाने तोडलं ते पैशानेच जोडलं, हेही लिहायला हवं.

ते म्हातारबाबा नंतर दिसले नाहीत.

---

बकाय_वहिनी

मी जरा वेगळा सूर लावते. कोलंबस, ओहायो. नवरा, मी आणि दोन्ही पोरं, सगळे ओहायो स्टेटच्या रंगातले, स्कार्लेट आणि ग्रे. आमच्या स्टेडियममध्ये एक लाख दोन हजार लोक बसतात आणि तिकिटाची मारामार असते. लोकांना मोठ्या टीमच्या मोठ्या मॅचेस बघायच्या आहेत, तर त्या दाखवल्या यात पाप काय? ऑक्टोबर २०२४ मध्ये आम्ही ओरेगनला जाऊन ३२-३१ ने हरलो, रात्री झोप लागली नाही. १ जानेवारी २०२५ ला रोझ बोलमध्ये ४१-२१ ने परत केलं. अशा मॅचेस पूर्वी दहा वर्षांतून एकदा व्हायच्या.

आणि या पैशावर ओहायो स्टेटमध्ये ३६ खेळ चालतात. तलवारबाजी, रोइंग, नेमबाजी. फुटबॉलने दूध दिलं नसतं तर या सगळ्यांना वाटीभर तरी मिळालं असतं का?

तक्रार एकच. फॉक्सला दुपारी बाराची मॅच हवी, म्हणून आमच्या वाट्याला सारखी दुपारची मॅच. पहाटे सहाला उठून पार्किंग लॉटमध्ये टेलगेटिंगला, म्हणजे मॅचआधीच्या खाण्यापिण्याला, साबुदाणा वडे तळलेत मी. शेजारचे लोक बिअर घेऊन आणि मी झारा घेऊन.

---

पलूसचा_पाहुणा

वहिनी, वड्यांबद्दल सलाम. पण तुम्ही रोझ बोलचं नाव काढलंत म्हणून. ती मॅच पिढ्यान्‌पिढ्या कशासाठी होती? बिग टेनचा विजेता विरुद्ध आमच्या किनाऱ्याचा विजेता. तुम्ही सांगता त्या मॅचमध्ये दोन्ही टीम बिग टेनच्याच होत्या. वधूपक्ष आणि वरपक्ष एकाच घरचे.

शंकाकाकांचा प्रश्न राहिला. खेळाडूंना वर्षानुवर्षं शिष्यवृत्ती, राहणं, खाणं आणि शाबासकी. टेक्सास ए अँड एमने २०२३ मध्ये कोचला मुदतीआधी काढलं तेव्हा त्याला घरी बसायचे साडेसात कोटींच्या वर डॉलर कबूल करावे लागले, आणि पोरांना मात्र २०२१ पर्यंत सही विकून दोनशे डॉलर घेतले तर शिक्षा. २०२१ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने ऑल्स्टन खटल्यात एनसीएएविरुद्ध ९-० ने निकाल दिला. न्या. कावानॉ यांनी वेगळं लिहिलं की दुसऱ्या कुठल्याही धंद्यात हा प्रकार खपला नसता. त्याच १ जुलैपासून खेळाडूंना जाहिरातीतून कमवायची मुभा मिळाली. आणि जून २०२५ मध्ये हाउस खटल्याची तडजोड मंजूर झाली. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून २८० कोटी डॉलर, आणि चालू खेळाडूंना कॉलेज थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाखांच्या मर्यादेत.

छान झालं, पोरांचा हक्कच होता. पण ही मर्यादा म्हणजे जेवढं वाढता येईल तेवढं ताट, मिळेलच असं नाही. बिग टेनवाला पूर्ण वाढतो. पुलमनला ते झेपत नाही. २०२४ च्या मोसमानंतर आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे टीमचा हल्ला चालवणारा मुख्य खेळाडू, ओक्लाहोमाला गेला आणि कोच वेक फॉरेस्टला. २०२५ मध्ये ट्रॅक अँड फील्डमधल्या फेकी आणि उड्यांचे प्रकार बंद केले. वहिनींच्या वाटीभर दुधाचा हा दुसरा टोक.

या सगळ्यात मला सगळ्यात भारी वाटते ती डॅलसच्या एसएमयूची, म्हणजे सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीची गोष्ट. १९८७ मध्ये खेळाडूंना चोरून पैसे दिले म्हणून एनसीएएने यांची फुटबॉल टीमच वर्षभरासाठी बंद केली. इतकी कडक शिक्षा मोठ्या कॉलेजला पुन्हा झालेली नाही. जुनी साउथवेस्ट भावकी १९९६ मध्ये मोडली तेव्हा यांना कोणी बरोबर घेतलं नाही. २०२३ मध्ये अटलांटिक कोस्टला हे म्हणाले, आम्हाला आत घ्या, नऊ वर्षं टीव्हीचे पैसे नकोत. कारण तेल आणि जमिनीवाले माजी विद्यार्थी. आठवड्याभरात १० कोटी डॉलर जमा. २०२४ मध्ये पहिल्याच वर्षी राष्ट्रीय विजेतेपदाच्या बारा टीमच्या प्लेऑफमध्ये पोचले. ज्या गुन्ह्यासाठी फाशी झाली तोच आता नियम आहे.

---

काळाकोट

"वाटीभर दुधाचं हे दुसरं टोक." टोक नपुंसकलिंगी. सवय, माफ करा.

अजून एक. यूसीएलए आणि बर्कली ही दोन्ही एकाच कॅलिफोर्निया विद्यापीठाची अंगं. यूसीएलएने घर मोडून बिग टेनशी पाट लावला, तर विद्यापीठाच्या रीजंट्सनी, म्हणजे नियामक मंडळाने सांगितलं, बर्कलीला वर्षाला एक कोटी डॉलर दे. तिकडचे लोक याला कॅलिफोर्निया आणि अ‍ॅलिमनी जोडून कॅलिमनी म्हणतात. शुद्ध मराठीत पोटगी.

---

पलूसचा_पाहुणा

सांगलीचा ग्रामीण नपुंसक-पुल्लिंग गोंधळ, मान्य.

---

पोरीची_आई_पश्चिम

बरेच दिवस वाचनमात्र होते, आज राहवलं नाही. माझी मुलगी पश्चिम किनाऱ्यावरच्या एका कॉलेजात व्हॉलीबॉल खेळते. कॉलेजचं नाव लिहीत नाही, तिचा कोच भला माणूस आहे आणि हे त्याने ठरवलेलं नाही.

फुटबॉलची टीम आठवड्यातून एकदा खेळते, चार्टर विमानाने जाते. बाकीच्या खेळांचं काय याचा विचार करार करणाऱ्यांनी केला का मला माहीत नाही. मागच्या मोसमात पोरी बुधवारी दुपारी निघाल्या, शिकागोला विमान बदललं, रात्री पोचल्या. दोन ठिकाणी दोन मॅचेस. रविवारी परत निघाल्या तर वादळामुळे विमान रखडलं. सोमवारी पहाटे अडीचला मला तिचा मेसेज आला, एक फोटो. विमानतळावरच्या गालिच्यावर पाच-सहा पोरी पाय पसरून, प्रत्येकीच्या गुडघ्याला बर्फाची पिशवी, मांडीवर लॅपटॉप. खाली लिहिलेलं, "आई, ऑरगॅनिक केमिस्ट्री सकाळी आठला आहे." मी तूपभात आणि लिंबाचं लोणचं डब्यात भरून तिच्या खोलीवर ठेवून आले. दुसरं काय करणार?

आधी सगळ्यात लांबची मॅच दोन-अडीच तासांच्या विमानावर होती आणि घड्याळ फार तर तासाभराने बदलायचं. आता तीन तासांचा फरक. तिच्या शिष्यवृत्तीचे पैसे फुटबॉलच्या टीव्हीतून येतात हे मला कळतं. म्हणून गप्प बसते. पण फुटबॉलला जिथे जायचं तिथे जाऊ दे, बाकीच्यांना शेजाऱ्यांशी खेळू दे, एवढं साधं कोणाला सुचलं कसं नाही?

---

एडिसनकर

ताई, फोटोचं वाचून कसंतरी झालं. तुम्ही म्हणता तो फुटबॉल वेगळा काढायचा मुद्दा तिकडचे काही कोचही मांडतात. अडचण अशी की प्रत्येक खेळाची वेगळी भावकी केली तर तिचा खर्च वेगळा, आणि तो उचलायचा कोणी यावर सगळे छताकडे बघतात.

---

रोखठोक_७२

मला हे रडगाणं कळत नाही. बाजार आहे. ज्याचा माल खपतो त्याला भाव. २०२० मध्ये साउथईस्टर्न कॉन्फरन्सने ईएसपीएनशी दहा वर्षांचा ३०० कोटी डॉलरचा करार केला, त्याआधी सीबीएस वर्षाला फक्त साडेपाच कोटी देत होतं. इतकी वर्षं त्यांनी स्वस्तात विकलं हाच खरा अन्याय. पुलमनने शंभर वर्षं लॉस एंजेलिसच्या जिवावर वाटा खाल्ला. फुकटचं जेवण बंद झालं की वेदना होतातच.

---

पलूसचा_पाहुणा

रोखठोक, बाजार असता तर मी गप्प बसलो असतो. बाजारात उद्या मी चांगला माल आणला तर मला गाळा मिळतो. इथे गाळेच आधी वाटून घेतलेत. बारा टीमच्या प्लेऑफचे ईएसपीएनने सहा वर्षांचे ७८० कोटी डॉलर कबूल केले. २०२६ पासून त्यातले बिग टेनला सुमारे २९ टक्के आणि साउथईस्टर्नला सुमारे २९ टक्के, मैदानात काहीही होवो. उरलेल्यात बाकी सगळा देश. फ्लोरिडा स्टेट २०२३ मध्ये एकही मॅच न हरता आपली कॉन्फरन्स जिंकलं, तरी तेव्हाच्या चार टीमच्या प्लेऑफमध्ये घेतलं नाही. क्वार्टरबॅक जखमी होता म्हणे. त्याच महिन्यात ते स्वतःच्या भावकीविरुद्ध कोर्टात गेले.

आणि बाजारात सगळे खूश असते तर सावकाराकडे कोण जातं? २०२५ मध्ये बिग टेननेच भविष्यातल्या कमाईचा हिस्सा विकून २४० कोटी डॉलर उभे करायची बोलणी चालवली होती. मिशिगन आणि यूएससीने खोडा घातला म्हणून थांबलं. एवढं कमावूनही पुरत नाही, कारण शेजारच्याने कोचला जास्त दिले की याला द्यावे लागतात.

फुकटच्या जेवणाबद्दल. कोर्टात आम्ही गेलो होतो, व्हिटमन काउंटीच्या. सोडून जाणारे दहा जण म्हणत होते की जाताजाता तिजोरीच्या वाटणीत आमचंही मत असेल. कोर्ट म्हणालं, जो घर सोडतो त्याने चाव्या ठेवून जायच्या. त्या चाव्यांवर दोघांनी दोन वर्षं काढली. २०२५ मध्ये तर वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट एकाच मोसमात एकमेकांशी दोनदा खेळले, एकदा त्यांच्या गावी, एकदा आमच्या. खेळायला दुसरं कोण होतं? २०२६ च्या मोसमापासून बॉयझी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोराडो स्टेट, युटा स्टेट आणि टेक्सास स्टेट येऊन घर पुन्हा भरतंय. नाव तेच, पॅक-१२. नावावर जाऊ नका म्हणा. बिग टेनमध्ये १८ आहेत आणि बिग ट्वेल्व्हमध्ये १६.

शीर्षकातला झेंडा राहिला. ईएसपीएनचा शनिवार सकाळचा कार्यक्रम असतो, कॉलेज गेमडे. दर आठवड्याला वेगळ्या कॅम्पसवरून, मोठ्या मॅचच्या आधी. २००३ मध्ये ऑस्टिनला कार्यक्रम होता, तिथे आमच्या एका माजी विद्यार्थ्याने लांबून गाडी हाकत जाऊन गर्दीत वॉशिंग्टन स्टेटचा झेंडा फडकवला. आमची मॅच नव्हती, संबंधच नव्हता. त्याच मोसमापासून झेंड्याची साखळी सलग चालू आहे. झेंडा कुरियरने गावोगाव फिरतो, त्या गावचा कोणीतरी जुना विद्यार्थी पहाटे उठून उभा राहतो. कार्यक्रम पुलमनला यायला १५ वर्षं लागली. २० ऑक्टोबर २०१८, आणि ओरेगनला ३४-२० ने हरवलं.

मी एकदा धरलाय तो झेंडा, सिएटलमध्ये. बांबू वाटतो त्यापेक्षा जड असतो आणि अर्ध्या तासात दंड भरून येतात. शेजारी वॉशिंग्टनची पोरं, एरवी हाडवैरी. त्यातल्या एकाने काही न बोलता दहा मिनिटं धरला, मी कॉफी पिऊन आलो.

---

रोखठोक_७२

२९-२९ चा मुद्दा बिनतोड आहे, तो मी धरला नव्हता. बाकी मतावर ठाम.

---

सदाशिवपेठी_शंका

बऱ्याच शंका फिटल्या, दोन-चार नव्या आल्या. एक अवांतर. पुलमनच्या कॉलेजचं चीज डब्यात मिळतं असं भाच्याने सांगितलं होतं. पत्र्याच्या डब्यात चीज, हे खरं का?

---

पलूसचा_पाहुणा

खरं आहे. कुगर गोल्ड. युनिव्हर्सिटीच्या डेअरीतच बनतं, दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून. तीस औंसांचा डबा, आत पांढरं चेडर. भाच्याला सांगा, आणलाच तर फ्रीजमध्ये ठेव, डबा आहे म्हणून फडताळात नको. मी पहिला डबा पलूसला नेला तेव्हा आईने तो तुपाच्या बरणीशेजारी मे महिनाभर ठेवला होता.